सपाटी आणायची कुठून?

घरी सीएनसी राउटर बांधायचा विषय निघाला की बोलणे आधी मोटरींवर जाते. स्टेपर किती ताकदीची, स्पिंडल किती वॅटचा, कंट्रोलर कोणता. या वस्तू विकत मिळतात, कुरियरने खान्देशातल्या मुक्ताईनगरला घरपोच येतात आणि निवड चुकली तर बदलताही येतात. टेबलाचे तसे नाही. मशीन ज्या सांगाड्यावर उभे राहते तो सांगाडा आणि लाकूड ज्यावर आवळून बसवतात तो बेड, ही दोन्ही जागेवरच बांधावी लागतात. राउटर किती नेमका कापणार हे मुख्यतः तिथेच ठरते. त्यासाठी लागणारे ज्ञान खान्देशातल्या वेल्डर, टर्नर, गवंडी आणि सुतार या चौघांच्या हातात कधीचेच आहे. चौघांना एका टेबलाभोवती उभे करायचे काम तेवढे उरते.

राउटर म्हणजे वेगाने फिरणारे पाते. सुतार ते हातात धरून फळीला गोलाई देतो, खाच पाडतो. सीएनसी राउटरमध्ये एक मोटर पाते डावी-उजवीकडे नेते, दुसरी पुढे-मागे, तिसरी वर-खाली, आणि तिघींना संगणक आकडे पुरवतो. देव्हाऱ्याची जाळी, दरवाजावरची नक्षी, नावाची पाटी, ओतकामाचा लाकडी पॅटर्न ही सगळी कामे यावर होतात. या कल्पनेचा उगम अमेरिकेतल्या विमान उद्योगात आहे. हेलिकॉप्टरची पाती बनवणारे जॉन पार्सन्स यांनी फ्रँक स्टुलेन यांच्या मदतीने वक्र आकाराचे बिंदू पंचकार्डांच्या यंत्रावर मोजून काढायला सुरुवात केली. पुढे एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेने १९५२ मध्ये एक मिलिंग मशीन छिद्रे पाडलेल्या फितीवरून चालवून दाखवले. त्या मशीनचा मेंदू व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेल्या कपाटाएवढा होता. आज तेच काम तळहातावर मावणारा आर्डुइनो करतो. त्यावर चालणारी ‘जीआरबीएल’ ही मोफत प्रणाली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये लिहिली. मेंदू स्वस्त झाला, हाडे मात्र तेवढीच महाग राहिली.

खेड्यात असली यंत्रे कशाला, असे विचारणाऱ्यांना पाबळचे नाव सांगावे. हिंदुस्थान लिव्हरमध्ये शास्त्रज्ञ असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेल्या मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती ही कामे करत करत त्यामागचे विज्ञान शिकावे, अशी त्यांची पद्धत. एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांनी अमेरिकेबाहेर संगणकचलित यंत्रांच्या कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब, उभारायला घेतल्या तेव्हा २००२ मध्ये अगदी पहिल्या फळीतली लॅब पाबळला आली. पाबळची जमीन आधीच तयार होती. तिथली मुले लोखंड जोडायला शिकलेली होती, नवे यंत्र त्यांच्या हाताला लगेच लागले.

मुक्ताईनगरची, म्हणजे जुन्या एदलाबादची, जमीन याहून कमी तयार नाही. गाव महामार्गावरचे. अशा गावात ट्रॉली, नांगर, रोटाव्हेटर दुरुस्त करणारे वेल्डर असतातच. पश्चिमेला वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणी, भुसावळचे रेल्वे कारखाने, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र. या पट्ट्यात फिटर, टर्नर, मशिनिस्ट ही पिढ्यांची ओळख आहे. सुतार सुतात मोजतो, एका इंचाची आठ सुते, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडे जास्त. टर्नर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतो. घरगुती राउटरची गरज या दोघांच्या मधली आहे. लाकडात ०.१ ते ०.२ मिलिमीटरची चूक चालून जाते, अर्ध्या मिलिमीटरची चूक सांध्यात दिसते.

पहिला प्रश्न बाकाचा. पाते लाकडात शिरते तेव्हा लाकूड त्याला उलट ढकलते. हा धक्का पात्याकडून स्पिंडलला, म्हणजे पाते फिरवणाऱ्या मोटरला, तिथून आडव्या पुलाला, म्हणजे गॅन्ट्रीला, आणि शेवटी टेबलाच्या पायांना पोचतो. वाटेत जे वाकेल तेवढी चूक कापात उतरते. येथे थोडे गणित करण्यासारखे आहे, कारण अंदाज दगा देतो. ४० बाय ४० मिलिमीटर, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी एमएस पाइप दोन टेकूंवर एक मीटर अंतराने ठेवला आणि मधोमध १० किलो वजनाइतका जोर दिला, तर तो सुमारे ०.१४ मिलिमीटर वाकतो. त्याच जाडीचा ८० बाय ४० चा पाइप उभा ठेवला तर बाक ०.०३ मिलिमीटरच्याही आत येतो. वजन दीडपट वाढले आणि ताठपणा पाचपटींहून जास्त. तोच पाइप आडवा टाकला तर यातला बराचसा फायदा गेला. वेल्डर हे आकडे मांडत नाही, पण ट्रॉलीची लांब दांडी तो उभीच लावतो.

पात्याचेही असेच. चिमट्यातून बाहेर आलेली लांबी दुप्पट केली तर पाते आठपट वाकते. ६ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटर जाडीचे पाते लावले तर सोळापट. मशीन थरथरते, कडा फाटते, आणि मालक मोटर बदलायचा विचार करू लागतो. पाते आखूड धरून बघायचे त्याला सुचत नाही.

बाकापेक्षा छुपा शत्रू म्हणजे पीळ. पाते गॅन्ट्रीच्या खाली लोंबते, म्हणून बाजूचा धक्का गॅन्ट्रीला नुसता वाकवत नाही, पिळतो. येथे ट्रॉलीवाल्याची एक सवय सोडावी लागते. ट्रॉलीला तो सी-चॅनल वापरतो, कारण चॅनल उघडा असतो, बोल्ट मारायला सोयीचा. पिळाला मात्र उघडा आकार फार दुबळा. हे घरी पडताळता येते. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी घ्या, दोन्ही टोके धरून पिळून बघा. मग ब्लेडने तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक चीर द्या आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच, आकार तोच, पण चीर दिलेली नळी हातात लगेच वळते. पातळ पत्र्याच्या नळीत हा फरक शेकडो पटींचा असतो. म्हणून गॅन्ट्री बंद पेटीचीच हवी. लाकडी टेबल करायचे असेल तर तेही याच तत्त्वावर: खाली-वर प्लायवूड, मध्ये प्लायच्याच उभ्या पट्ट्यांची जाळी, सगळे फेव्हिकॉलने आणि स्क्रूने एकजीव. अशी पोकळ पेटी तेवढ्याच वजनाच्या भरीव फळीपेक्षा पिळाला कितीतरी ताठ राहते.

आता वेल्डिंग. लोखंड वितळून थिजताना आकसते आणि सांधा ज्या बाजूने भरला त्या बाजूला पाइप ओढला जातो. चांगला वेल्डर म्हणूनच आधी सगळीकडे नुसते टाके मारतो, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरतो, मध्ये थंड होऊ देतो. एवढे करूनही वेल्ड केलेला सांगाडा सपाट निघत नाही. एक-दोन मिलिमीटरचा फरक ट्रॉलीला कळत नाही, राउटरला कळतो. वेल्डिंगकडून फक्त मजबुती घ्यावी आणि सपाटी नंतर वेगळी आणावी, हे घरगुती मशीन बांधणाऱ्याने गाठ मारून ठेवावे.

ती आणायची कुठून? सरळ पट्टी लागते म्हणावे तर ती पट्टी सरळ आहे हे कशावरून? इंग्लंडचे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत याचे उत्तर मांडले. दोन पृष्ठे एकमेकांवर घासून जुळवली तर एक खोलगट आणि दुसरे फुगीर होऊन तंतोतंत बसू शकते. पण तीन पृष्ठे घेऊन पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, तिसरे-पहिले अशी फिरवून जुळवली तर तिन्ही सपाट झाल्याशिवाय सुटका नाही. तीन पट्ट्यांच्या कडा घेऊन हे कोणताही सुतार करू शकतो. दोन-दोन कडा एकमेकींना लावून उजेडाकडे धरायच्या, फट दिसेल तिथे रंधा मारायचा, तिन्ही जोड्या जुळेपर्यंत. मोजमापाच्या इतिहासात याहून सुंदर युक्ती मला माहीत नाही, कारण यात शून्यातून सरळपणा निर्माण होतो.

दुसरा मार्ग गवंड्याचा. घराच्या दोन कोपऱ्यांत एकच पातळी धरायला तो पारदर्शक नळीत पाणी भरतो, कारण स्थिर पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर राहते. राउटरच्या सांगाड्यावर हेच तत्त्व इपॉक्सीने वापरतात. दोन्ही बाजूंच्या पाइपांवर, जिथे एलएम गाइडचे, म्हणजे गॅन्ट्री ज्यांवर सरकते ते, रूळ बसणार, तिथे कडेला पट्ट्या लावून उथळ पन्हळ करायची. दोन पन्हळी एका टोकाला आडव्या पन्हळीने जोडायच्या. मग पातळ, हळू जमणारे इपॉक्सी ओतायचे. ते स्वतःच वाहते, दोन्हीकडे एकाच पातळीत येते आणि तसेच घट्ट होते. थर निदान पाच-सहा मिलिमीटरचा हवा, नाहीतर ते वाहायच्या आतच अडते. कडेला द्रव वर चढतो, तेव्हा पन्हळ रुळापेक्षा पुरेशी रुंद ठेवावी आणि रूळ मधोमध बसवावा. खान्देशात एक पथ्य जास्तीचे. इपॉक्सी उष्णतेने झपाट्याने जमते, दहा अंश वाढले की वेग ढोबळमानाने दुप्पट. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी ओतले तर ते सपाट व्हायच्या आत थिजेल. हे काम हिवाळ्यात, नाहीतर पहाटे करावे आणि वर धूळ पडू नये म्हणून झाकण घालावे.

पाण्याची हीच सपाटी काचेतही आहे. खिडकीची आजची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. ही पद्धत अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांच्या कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. म्हणून १० किंवा १२ मिलिमीटर जाड फ्लोट काचेचा तुकडा घरगुती कामाला उत्तम कसोटीपृष्ठ ठरतो. जाड ग्रॅनाइटचा, किचन ओट्याच्या फरशीचा तुकडाही बरा, पण पॉलिश करताना त्याच्या कडा खाली गेलेल्या असतात, तेव्हा मधलाच भाग विश्वासाचा.

टेबल जमिनीला समांतर असलेच पाहिजे असा एक समज आहे. इपॉक्सी ओतताना सांगाडा जवळपास लेव्हलमध्ये हवा, कारण द्रवाला तीच एक दिशा कळते. एकदा ते जमले की टेबल थोडे कलले तरी कापात फरक पडत नाही. फरक पडतो तो पिळाने. चार पायांपैकी एक पाय खालच्या फरशीमुळे उचलला गेला की सगळा सांगाडा पिळतो. तो तपासायला दोन दोरे पुरतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांत सारख्या उंचीवर दोरे ताणायचे. मधोमध ते एकमेकांना निसटते टेकले तर ठीक. वरचा दोरा अधांतरी राहिला किंवा खालच्याने त्याला उचलले, तर पीळ आहे. पायांना बोल्ट लावून तो काढावा आणि मगच रूळ घट्ट करावेत.

काटकोनासाठी टेबलाचे माप विचारपूर्वक निवडावे. १२०० बाय ९०० घेतले तर कर्ण बरोबर १५०० येतो, कारण ते तीन-चार-पाचाचे प्रमाण आहे आणि गवंडी पाया आखताना तेच वापरतो. मशीन चालू झाल्यावर त्याच मापाच्या चार कोपऱ्यांवर बारीक भोके पाडावीत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांच्यात एक मिलिमीटरचा फरक निघाला तर गॅन्ट्री ९०० मिलिमीटरच्या रुंदीत सुमारे ०.६ मिलिमीटर तिरकी उभी आहे. तिचे एक टोक तेवढे सरकवायचे. मोठ्या मापावर तपासल्याने साध्या टेपनेही जी चूक पकडता येते, ती गुण्या लावून कधी दिसणार नाही.

मग ऊन. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, थंडीच्या पहाटे १० च्या आसपास येतो. लोखंडाची लांबी दर मीटरला दर अंशाला १२ मायक्रॉन वाढते, अ‍ॅल्युमिनियमची २३. म्हणजे ३५ अंशांच्या फरकाने १.२ मीटर लोखंड अर्धा मिलिमीटर वाढते आणि तेवढेच अ‍ॅल्युमिनियम जवळपास एक मिलिमीटर. सगळे मशीन एकाच धातूचे असेल तर ते सारखे वाढते आणि कामावर फारसा परिणाम होत नाही. पण इंटरनेटवरचे नकाशे बहुतेक थंड हवेच्या देशांतले, त्यांत अ‍ॅल्युमिनियमचे लांब प्रोफाइल सरसकट लोखंडी चौकटीला बोल्टने जखडलेले असते. आपल्याकडे डिसेंबरात जखडलेला असा जोड मे महिन्यात अर्धा मिलिमीटर जागा मागतो, आणि ती मिळाली नाही की कमानीसारखा फुगतो. लोखंडी पाइप, त्यावर पोलादी रूळ, हे आपल्या हवेला योग्य. अ‍ॅल्युमिनियम वापरायचेच असेल तर एक टोक घट्ट करावे आणि दुसऱ्या टोकाची भोके लांबट ठेवावीत.

विजेचा भाग थोडक्यात. नेहमीची स्टेपर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ तुकडे करतो. ५ मिलिमीटर पुढे सरकणारा बॉलस्क्रू लावला तर एका मिलिमीटरला ३२० पावले होतात. आकडा मोठा दिसतो, पण मोटर खरोखर तिथे पोचली की नाही हे कंट्रोलरला कळत नाही. जोर जास्त झाला की पाऊल हुकते आणि पुढचे सगळे काम तेवढे सरकते. दीड किलोवॅटचा स्पिंडल व्हीएफडीवर चालतो. तो घरच्या सिंगल फेजवरून ४०० हर्ट्झचे तीन फेज तयार करतो, म्हणजे मिनिटाला २४,००० फेरे. व्हीएफडीपासून स्पिंडलकडे जाणारी तार आजूबाजूच्या तारांत इतका गोंगाट सोडते की लिमिट स्विच दाबला नसतानाही मशीन थांबते. जाळी असलेली केबल वापरावी आणि अर्थिंग खरोखरचे करावे, नळाच्या पाइपाला गुंडाळलेले नको. प्रत्येक अक्षावर होमिंग स्विच लावलेच पाहिजेत. आपल्याकडे वीज मध्येच जाते. ती परत आल्यावर मशीनला आपली जागा पुन्हा शोधता आली नाही तर अर्धे कोरलेले दार वाया जाते.

सांगाडा सिद्ध झाला की त्यावर १८ मिलिमीटरची एमडीएफ शीट बसते. ही शीट कापली जाण्यासाठीच असते, आरपार कापताना पाते तिच्यात थोडे शिरते. ती बसवल्यावर पहिले काम एकच: रुंद पात्याने मशीनकडूनच तिचा सगळा पृष्ठभाग घासून घ्यायचा. आता बेड मशीनच्या रुळांशी समांतर झाला. घासल्यानंतर ओळींमध्ये पायऱ्या हाताला लागल्या तर स्पिंडल लंबात नाही. टर्नरकडून डायल गेज आणावा, तो एका आडव्या काडीवर स्पिंडलला बांधावा आणि हाताने फिरवून चारही दिशांचे आकडे सारखे येईपर्यंत स्पिंडलखाली पत्र्याच्या चकत्या सरकवाव्यात. पावसाळ्यात एमडीएफ ओल पिते आणि फुगते. कडांना आणि खालच्या बाजूला सीलर मारला तरी दिवाळीच्या सुमारास बेड पुन्हा घासून घ्यावा लागतो.

या घासण्यात जी धूळ उडते ती साधी समजू नये. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केलेले आहे आणि एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडची राळही असते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. पात्याजवळ ओढून घेणारा व्हॅक्यूम, शेडबाहेर ठेवलेले सायक्लोन पिंप आणि नाकावर नीट बसणारा मास्क हा खर्च मशीनच्याच यादीत धरावा. शेडमध्ये घरातली मुले येतात-जातात, म्हणून मी हे आग्रहाने लिहितो आहे.

पहिला नमुना नक्षीचा नको, वर्तुळाचा घ्यावा. २०० मिलिमीटर व्यासाचे एक वर्तुळ कापून कॅलिपरने चार दिशांना मोजले की मशीनचे सगळे दोष कळतात. डावी-उजवीकडचा व्यास आणि पुढे-मागेचा व्यास वेगळा निघाला तर एका अक्षाच्या पावलांचा हिशेब चुकला आहे. हे दोन्ही व्यास बरोबर पण तिरके व्यास लहान-मोठे असतील तर गॅन्ट्री अजून काटकोनात नाही, पुन्हा कर्ण मोजावे लागतील. आणि वर्तुळाच्या चार टोकांना, जिथे अक्ष दिशा बदलतो तिथे, बोटाला बारीक पायरी लागली तर नट आणि स्क्रूच्या आट्यांमध्ये प्ले, म्हणजे ढिलाई, आहे. बॉलस्क्रूऐवजी साधा स्क्रू असेल तर प्ले कमी करायला स्प्रिंग घातलेला दुहेरी नट टर्नर पितळेतून करून देतो. वर्तुळ नीट आले की पहिला ऑर्डरचा देव्हारा घ्यायला हरकत नाही.